मदनच्या खिंडीतून परतलो, त्याची नोंद

गेल्या डिसेंबरात आम्ही सहाजण सह्याद्रीतल्या मदनगडाला गेलो आणि माथा न गाठता परत आलो. शेजारचा अलंगगड आणि मदन यांच्या मधल्या खिंडीत पोहोचायलाच दुपारचा दीड वाजला. तिथून मदनच्या कोरीव पायऱ्या लागतात आणि मधेच तुटतात. 1818 मध्ये इंग्रजांनी या भागातल्या गडांच्या वाटा सुरुंगाने उडवल्या, त्याचाच हा घाव. पुढचा 40-50 फुटांचा कातळ दोर लावूनच चढायचा. दोरावर आधीच एक मोठा गट होता. आम्ही चढून-उतरून उजेडात पायथ्याची आंबेवाडी गाठणं शक्यच नव्हतं. आमच्यातल्या जाणत्या दादाने हार्नेस, म्हणजे दोराला अडकवायचे कमरेचे पट्टे, सॅकमधून बाहेर काढूच दिले नाहीत. वाईट वाटलं, पण पटलं.

जाण्याआधी मी या वाटेबद्दल मिळेल ते वाचलं होतं. सगळं वर पोहोचलेल्यांनी लिहिलेलं. वाट कुठे फसवते हे फसलेल्यालाच ठाऊक असतं आणि तो बहुधा गप्प बसतो. म्हणून लिहायला घेतलं.

पहिला खर्डा वाचून मैत्रिणीने एवढंच विचारलं, "अरे, गावातून निघालात किती वाजता?" साडेआठला. ऊन, गर्दी, घसारा, सगळं मी लिहिलं होतं, नेमकं हेच राहिलं होतं. मग फोनमधले फोटो वेळेनुसार लावले. 9:20 च्या फोटोत एक उंबर आहे, अर्धी मोडून लोंबणारी फांदी असलेला. 10:35 च्या फोटोतही तोच उंबर, तीच फांदी, फक्त सावली आखूड झालेली. सव्वा तास आम्ही कारवीत फिरून त्याच जागी आलो होतो आणि तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं!

आंबेवाडीतल्या ज्या मामांकडे जेवलो होतो त्यांना फोन केला. ते म्हणाले, "ती गुरांची वाट, दादा. पाणवठ्याला जाती अन् तिथंच संपती." हे वाक्य मी नोंदीत जसंच्या तसं घातलं, उंबराच्या फोटोसह. माणशी तीन लिटर पाणी उतरताना घळीतच संपलं, तेही लिहिलं. आणि खिंडीतून निघण्याची आमची वेळ.

1952 च्या वसंतात तेनझिंग आणि स्विस गिर्यारोहक रेमों लांबेर एव्हरेस्टवर सुमारे 8,600 मीटरपर्यंत जाऊन परतले होते. त्या स्विस मोहिमेने जे पाहिलं ते पुढच्या वर्षीच्या ब्रिटिश मोहिमेच्या कामी आलं. आमचा मदन त्यापुढे केवढासा, पण लिहिताना मला त्या दोघांचा आधार वाटला.

सर्वांत जड गेली ती एक ओळ: "तुटलेल्या पायऱ्यांपुढचं मी पाहिलेलं नाही." दोर अडकवायला कातळात ठोकलेल्या बोल्टबद्दल ऐकीव माहिती भरपूर होती, पण ती काढून टाकली. दुसऱ्याचा जीव टांगायचा असतो तिथे ऐकीव चालत नाही.

जानेवारीत नाशिकची चार मुलं ती नोंद घेऊन गेली. पहाटे साडेपाचला निघाली आणि मदनवर जाऊन आली. गावात उतरल्याबरोबर त्यांचा फोन आला, "दादा, उंबराची ती फांदी आता पार पडलीये, खूण बदला." त्याच रात्री बदलली.