उलटा बसलेला ट्रान्झिस्टर

फेब्रुवारीत परभणीचा उरूस असतो. त्याआधीचे पंधरा दिवस माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. भोंग्यांची युनिटं, अँप्लिफायर, माईकच्या वायरी. अशाच गडबडीत एका दुपारी कृषी विद्यापीठात शिकणारा एक पोरगा पाठीला गिटार लावून आला आणि काउंटरवर पत्र्याचा छोटा डबा ठेवला.

"काका, पेडल आहे, मी घरीच बनवलाय. बटण दाबलं की आवाज दणकून वाढायला पाहिजे, पण उलट दबायलाय."

गिटारचा पेडल, म्हणजे पायानं बटण दाबून आवाज बदलायचा डबा, मी आजवर उघडला नव्हता. झाकण काढलं आणि हातातलं काम बाजूला सारलं. आत एक ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, दोन कंडेन्सर, एक व्हॉल्यूम. रेडिओत आवाज वाढवणारी अशी स्टेज कितीदा तरी पाहिलेली. पण या पोराचं सोल्डरिंग! एकेक जोड चकचकीत, कुठं शिशाचा गोळा नाही. शिकवायला कुणी नसताना एवढं स्वच्छ काम केलेलं बघून मला मनापासून आनंद झाला. हे चालू करूनच द्यायचं, असं तिथंच ठरवलं.

बॅटरी ८.९ व्होल्ट. बटण बंद असताना आवाज चोख, म्हणजे जॅक आणि वायरी ठीक. रेझिस्टर बरोबर. दोन्ही कंडेन्सर बदलून पाहिले, फरक नाही. ट्रान्झिस्टरला तीन पाय: बेसवर सिग्नल आत जातो, कलेक्टरवर वाढून निघतो, तिसरा एमिटर. तो मीटरच्या डायोडच्या रेंजवर तपासला, बेसपासून दोन्हीकडे ०.६च्या वर रीडिंग आलं, म्हणून तो पास केला. इथं माझा अर्धा तास गेला.

मग आवाज कुठपर्यंत पोचतो ते ऐकायचा ट्रेसर काढला. तो मीच बनवलेला आहे: मीटरच्या जुन्या लीडला ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, पुढची वायर टेबलावरच्या अँप्लिफायरला. कंडेन्सर डीसी अडवतो, नुसता आवाज पुढं सोडतो. पोराला म्हणालो, जाड तार छेडत राहा. बटण चालू करून बेसवर टोक टेकवलं, तर आवाज तिथंच बसलेला. गिटारच्या तारांखाली आवाज पकडणारा पिकअप असतो, त्यात केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात. त्यातून निघणारा सिग्नल नाजूक, पुढच्या स्टेजनं जास्त करंट ओढला की लगेच दबतो. कलेक्टरवर हिशोबानं वीसपट तरी व्हायला हवा होता. तिथं वाढ थोडीच, तीही घोगरी.

कलेक्टरचा व्होल्टेज घेतला. पाचच्या आसपास हवा होता, मीटरवर ८.६, जवळपास बॅटरीएवढाच. म्हणजे ट्रान्झिस्टर मेलेला नाही, पण कामही करत नाही.

"हा ट्रान्झिस्टर कुठला रे?"

त्यानं मोबाईलवर सर्किटचा नकाशा दाखवला. त्यात २एन ५०८८ लिहिलेला. तो इकडं मिळाला नाही, दुकानदारानं बीसी ५४७ दिला, "हाच चालतो" म्हणाला. चालतो, त्यात काही खोटं नाही. पण सपाट बाजू आपल्याकडं धरून पाय खाली केले, तर बीसी ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन ५०८८ चे एमिटर, बेस, कलेक्टर. पोरानं नकाशातल्या चित्राप्रमाणं बसवला, म्हणजे कलेक्टर-एमिटरची अदलाबदल. बेस मधलाच, म्हणून डायोडच्या रेंजवर काहीच कळलं नाही.

उलटा ट्रान्झिस्टर बंद पडत नाही, म्हणूनच तो चकवतो. मी डब्यातून नवा बीसी ५४७ काढून मीटरच्या एचएफई सॉकेटमध्ये घातला, तिथं ट्रान्झिस्टरचा गेन, म्हणजे तो किती पट वाढवतो, ते कळतं: २९०. फिरवून घातला: ७. पोरानं तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतः तीनदा उलटसुलट करून बघितला.

जुनाच फिरवून लावता आला असता, पण मी नवा लावला. बीसी ५४७ च्या एमिटर-बेसला उलटा व्होल्टेज ६ पर्यंतच चालतो, आणि जुन्यावर किती दिवस आठ व्होल्ट होते कोण जाणे. असा ट्रान्झिस्टर वरून चांगला दिसतो, पण त्याचा गेन उतरलेला असू शकतो.

कलेक्टरवर ४.८ आले. त्यानं बटण दाबून तार छेडली आणि दुकानातल्या पत्र्याच्या रॅकवरचे स्क्रूचे डबे वाजायला लागले. शेजारचा चहावाला येऊन उभा राहिला. पोरगा काही बोलला नाही, डोळे मिटून पाच-दहा मिनिटं वाजवत बसला, आणि मी त्याला थांबवलं नाही.

झाकणाचे स्क्रू आवळताना म्हणाला, "काका, रूमवर अजून एक आहे. त्यात असलेच दोन लावलेत."

"तो बी घेऊन ये," म्हणालो.