मॅडम, 18 लिहा

साखर कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की बीडमध्ये ऊसतोडीच्या टोळ्या परततात, आणि आमच्या ठाण्यात दवाखान्यातून एमएलसीचे, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसचे, कागद येऊ लागतात. मी तिथे पीएसआय असताना असाच एक आला : सातवा महिना, वय 17, विवाहित.

पोक्सोतला, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यातला, जबाब शक्यतो मुलीच्या घरी, महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. साध्या ड्रेसमध्ये निघाले. सोबतचे जमादार नोकरीत मुरलेले. गाडीत म्हणाले, "मॅडम, 18 लिहा. आधारवर तेवढंच आहे. पोरीचा संसार वाचेल."

पोरगी मला ताई म्हणाली. "ताई, माझी काय तक्रार न्हाई. ह्यांना नेलं तर उचल कोण फेडणार?" मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला. एकटा गडी अर्धा कोयता. लग्नाची घाई त्यातूनच होते. नवरा 22 वर्षांचा. बायको 18 च्या आत असेल तर तो बलात्कारच, हे सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये सांगितलं. गर्भ राहिला असेल तर पोक्सोत किमान 20 वर्षं. तिच्यासमोर बसून हा आकडा मला उच्चारवेना.

तरी शाळेचा निर्गम उतारा मागवला. वयासाठी आधी शाळेचाच कागद बघतात. 17 निघालं, 17 लिहिलं. मी दयेपोटी एक वर्ष वाढवलं, तर उद्या कोणी पाकीट घेऊन वाढवेल, आणि कागदावर दोन्ही सारखंच दिसेल. लग्न लावणारेही आरोपी केले.

जामिनाच्या वेळी कोर्टाने आमचा 'से', म्हणजे पोलिसांचं म्हणणं, मागितला. 'आरोपी साक्षीदारांवर दबाव आणेल' हे आमचं ठरलेलं वाक्य. दबावाचं काही दिसलंच नव्हतं, म्हणून घातलं नाही. पोरगी जे बोलली ते तिच्याच शब्दांत जोडलं. साहेब चिडले. जामीन झाला.

जमादारांचं समाधान झालं नाही. "आता ही माणसं बाळंतपणाला दवाखान्यातच येणार नाहीत, बघा." यात तथ्य आहे, आणि ते मला अजून छळतं. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवकच असतो (आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात). अशी लग्नं आधीच थांबावीत म्हणून हंगामाआधी मी त्या भागातल्या ग्रामसेवकांना फोन करू लागले. एकाने सरळ सांगितलं, "मॅडम, लग्नपत्रिकाच छापत नाहीत हल्ली. कळणार कसं?"