कपाटातला निळा पंप

आज दुपारी शाळेतून फोन आला तेव्हा लेकीला धाप लागून बराच वेळ झाला होता. मैदानावर पळण्याचा सराव चालू असताना तिला खोकल्याची उबळ आली आणि पाठोपाठ छातीत घरघर सुरू झाली. तिचा दम्याचा निळा पंप मात्र कार्यालयातल्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते, ते बाहेर गेले होते. मी पोहोचले तेव्हा किल्ली नुकतीच मिळाली होती. बाकावर पुढे झुकून बसलेल्या लेकीच्या गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासागणिक आत ओढला जात होता, आणि 'आई, दम लागतोय' एवढे म्हणतानाही तिला मध्ये थांबावे लागले. पंप हलवायचा, त्याला जोडलेल्या नळकांड्यात, म्हणजे स्पेसरमध्ये, एकच फवारा सोडायचा, चार-पाच श्वास घेऊ द्यायचे, मग पुढचा फवारा. चौथ्या फवाऱ्यानंतर काही मिनिटांनी तिचे खांदे सैलावले.

शेजारी उभ्या असलेल्या बाईंचे हात थरथरत होते, त्यामुळे त्यांच्यावर रागावणे मला जमले नाही. औषधे इतर मुलांच्या हाती पडू नयेत, या काळजीपोटीच ते कुलूप आहे. पण दम्यात श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात आणि ते सैल करणारे निळ्या पंपातले औषध, साल्ब्युटामॉल, वेळेवर मिळाले नाही, तर ते शाळेत असून काय उपयोग? दम लागल्यावर काय करायचे याचा डॉक्टरांनी लिहून दिलेला कृती आराखडा मी वर्षाच्या सुरुवातीलाच शाळेत दिला होता, पण तो मैदानावरच्या सरांपर्यंत पोहोचला का, हे मी कधी विचारले नाही, याची खंत वाटते.

संध्याकाळी डॉक्टरांनी तिला तपासले आणि रात्री खोकला येतो का, असे विचारले. या आठवड्यात दोनदा आला होता. सर्दीचा असेल म्हणून मी सोडून दिला होता. आता रोजच्या प्रतिबंधक पंपाची मात्रा बदलली आहे, आणि पळण्याआधी पंधरा मिनिटे निळ्या पंपाचे दोन फवारे घ्यायचे, असे आराखड्यात नव्याने लिहून मिळाले आहे.

आत्ता स्पेसर साबणाच्या पाण्यातून काढून निथळत ठेवला आहे. फडक्याने पुसला तर स्थिर विद्युतभार तयार होऊन औषध आतल्या भिंतींना चिकटते, म्हणून तो तसाच वाळू द्यायचा. उद्या मुख्याध्यापिकांना भेटून एक पंप दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आणि दुसरा वर्गात, कुलपाबाहेर, ठेवण्याची लेखी परवानगी मागणार आहे. सरांनाही दहा मिनिटे मागेन, म्हणजे स्पेसर त्यांच्याच हातात देऊन एकदा वापरून दाखवता येईल.