मायलेजचा हिशेब जमला, कोटेशनचा जमेना : माझा अनुभव

साताऱ्याहून शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत रोज नोकरीला जाणाऱ्या माणसाला गाडी ही चैन नसते. जाऊन-येऊन एकशेदहा किलोमीटरच्या आसपास अंतर पडते, सुट्ट्या वजा केल्या तरी वर्षाला तीस हजार किलोमीटर होतात, आणि पगारातला एक ठळक हिस्सा दरमहा इंधनात जातो. त्यामुळे गेल्या दिवाळीच्या सुमारास जुनी गाडी विकून कमी इंधन खाणारी छोटी गाडी घ्यायचे ठरवले, तेव्हा निवड अवघड जाईल असे वाटले होते. निवड सोपी गेली. खरा त्रास झाला तो शोरूममध्ये, आणि त्याची चीड अजून मनातून गेलेली नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

निवडीचे आधी थोडक्यात सांगतो. जाहिरातीतला मायलेजचा आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या, वाहनांची चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून, एसी बंद ठेवून काढलेला असतो. त्या चाचणीत वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि सरासरी वेग तर बराच कमी असतो. महामार्गावर ८० ऐवजी १०० चा वेग धरला की हवेचा रोध दीडपटीहून अधिक होतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे त्या आकड्याचा उपयोग दोन गाड्यांची आपसांत तुलना करण्यापुरताच करावा, महिन्याचे बजेट त्यावर बेतू नये. वॅगन आर आणि सेलेरिओ यांच्या सीएनजी आवृत्त्या कागदावर किलोला चौतीसच्या घरात दाखवतात, टियागो सीएनजी साडेसव्वीसच्या आसपास दाखवते. मी हिशेबासाठी पेट्रोलवर लिटरला वीस आणि सीएनजीवर किलोला सत्तावीस एवढेच धरले. पेट्रोल १०५ रुपये आणि सीएनजी ९२ रुपये धरून किलोमीटरला सव्वापाच रुपये विरुद्ध तीन रुपये चाळीस पैसे असा फरक निघाला. तीस हजार किलोमीटरला वर्षाकाठी पन्नास-पंचावन्न हजारांची बचत होते. त्याच गाडीच्या पेट्रोल आणि सीएनजी आवृत्तीच्या किमतीत ऐंशी-नव्वद हजारांचा फरक असला, तरी तो दोन वर्षांच्या आत वसूल होतो. ज्यांचे वर्षाचे फिरणे आठ-दहा हजार किलोमीटरच आहे, त्यांनी मात्र हा मोह टाळून सरळ पेट्रोल घ्यावे. डिझेलचा विचारच केला नाही, कारण एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे कडक निकष आल्यावर मारुतीने डिझेल इंजिने बंद केली आणि छोट्या गाड्यांत डिझेल जवळपास उरलेले नाही. आमच्या इमारतीत चार्जिंगची सोय होण्यासारखी नसल्याने इलेक्ट्रिक गाडीही बाद झाली.

घाटाची शंका तेवढी होती. सीएनजीवर ताकद कमी मिळते. वॅगन आरचे एक लिटरचे इंजिन पेट्रोलवर ६७ पीएस (अश्वशक्ती) देते, तर सीएनजीवर ५७. परतताना खंबाटकीचा चढ रोजचाच, म्हणून कंपनीतल्या एका सहकाऱ्याच्या सीएनजी गाडीतून, चार माणसे बसवून, एसी चालू ठेवून तो चढ चढून पाहिला. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये शांतपणे चढली. एवढ्यावर माझे समाधान झाले. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह गावातल्या सपाट रस्त्यावर पाच-सात मिनिटांत आटोपते आणि अशा कामाला ती पुरेशी नाही, त्यापेक्षा आपल्याच रस्त्याने जाणारा कोणी ओळखीचा शोधावा.

गाडी अखेर कोणती घेतली हे इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यावरून शोरूम ओळखू येईल, आणि पुढचा प्रकार एका दुकानापुरता नाही हे मी अनेकांकडून ऐकलेले आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला होता, त्यामुळे शोरूममध्ये गर्दी होती आणि तिथल्या मंडळींचा सूर ‘घ्यायची तर घ्या’ असा होता. कोटेशन मागितले तेव्हा एका कागदाच्या पाठीवर पेनाने एकच आकडा लिहून मिळाला : ऑन-रोड किंमत, म्हणजे कर, विमा वगैरे सगळे धरून होणारी एकूण रक्कम. रकानेवार छापील कोटेशन हवे म्हटल्यावर ‘सर, सगळ्यांना असेच देतो’ असे उत्तर आले. मी खुर्चीवरून उठलो नाही. बऱ्याच वेळाने छापील कागद हातात आला, आणि तो वाचताना एवढा आग्रह का धरावा लागतो हे कळले.

पहिली गोष्ट रोड टॅक्सची. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीवर तो ११ टक्के आहे. सीएनजी गाडीवर तो ७ टक्के होता आणि १ जुलै २०२५ पासून ८ टक्के झाला. माझ्या कागदावर सीएनजी गाडीला पेट्रोलचा दर लावलेला होता. साडेसहा लाखांच्या किमतीवर तीन टक्के म्हणजे साडेएकोणीस हजार रुपये. मी कॅल्क्युलेटरवर आकडेमोड करून दाखवली, तेव्हा ‘सिस्टीममध्ये तसे येते’ म्हणून दुसरा कागद छापून दिला. दुसरी गोष्ट ‘हँडलिंग चार्जेस’ची. गाडी डेपोतून शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा सोडून असलेल्या गाडीच्या किमतीत, धरलेलाच असतो आणि कंपनीच्या किंमतपत्रकात असा रकाना नसतो. ही रक्कम कशाची, ते पावतीवर स्पष्ट लिहून द्या असे म्हटल्यावर ती निघाली. ॲक्सेसरीजचे किट आणि वाढीव वॉरंटीही गृहीत धरून घातलेली होती. वॉरंटी मी स्वखुशीने ठेवली, कारण वर्षाला तीस हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला ती उपयोगी पडते. मडफ्लॅप, सीट कव्हर आणि मॅट मात्र बाहेर निम्म्या किमतीत मिळतात.

आता विमा. या एका रकान्यावर गाडी अक्षरशः अडून राहिली.

माझ्या जुन्या गाडीवर सलग काही वर्षे दावा केलेला नसल्याने नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर पोहोचला होता. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकून ती दुसऱ्याच्या नावावर झाली की विमा कंपनी तसे पत्र देते, आणि ते पत्र दाखवून नव्या गाडीच्या ‘ओन डॅमेज’ हप्त्यात, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात, तेवढी सूट घेता येते. थर्ड पार्टीच्या, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्याच्या, हप्त्याला ती लागू नसते. नव्या मोटारीला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा काढावा लागतो, हा नियम सप्टेंबर २०१८ पासून आहे. पण ओन डॅमेजचा भाग एकाच वर्षाचा घेता येतो, आणि विमा कोणाकडून घ्यायचा हे ठरवण्याचा अधिकार सर्वस्वी ग्राहकाचा आहे. शोरूमच्या कोटेशनमध्ये बोनस धरलेला नव्हता, वर अनेक ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे घेऊन दिली जाणारी वाढीव संरक्षणे, घातलेले होते. बाहेर त्याच गाडीचा, तेवढ्याच विमामूल्याचा, झीरो डेप्रिसिएशनसह (दाव्यात सुट्या भागांची घसारा-कपात न होण्याची सोय) मिळणारा हप्ता त्यापेक्षा बराच कमी होता.

मी बाहेरून विमा आणतो म्हणालो आणि त्या क्षणापासून सगळ्यांचा आवाज बदलला. आधी सांगितले की मग कॅशलेस दुरुस्ती मिळणार नाही. तो केवळ धाक होता, कारण कॅशलेस ही विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातल्या करारावर अवलंबून असते, आणि मी निवडलेल्या कंपनीचे नाव त्याच वर्कशॉपच्या भिंतीवरच्या यादीत होते. मग म्हणाले की कबूल केलेली सूट काढून घेऊ. तेही चालेल म्हटल्यावर खरी अडवणूक सुरू झाली. नव्या गाडीची पॉलिसी काढायला चॅसी नंबर आणि इंजिन नंबर लागतो. ते नंबर गाडी अलॉट झाल्यावर, म्हणजे एक ठरावीक गाडी आपल्या नावे राखून ठेवल्यावर, इनव्हॉइसवर येतात, आणि विमा झाल्याशिवाय नोंदणी होत नाही. शोरूम म्हणे, विम्याची रक्कम भरल्याशिवाय गाडी अलॉट करता येत नाही. म्हणजे नंबर नाही म्हणून विमा नाही आणि विमा नाही म्हणून नंबर नाही. बँकेचे कर्ज मंजूर होऊन पडलेले, जुनी गाडी विकलेली, आणि मी पहाटे उठून एसटी आणि शेअर जीप पकडून कामावर जात होतो. फोन केला की ‘मॅनेजर मीटिंगमध्ये आहेत’, प्रत्यक्ष गेलो की ‘उद्या नक्की होते सर’. आपण थकून शेवटी हो म्हणावे, याच हिशेबावर ही पद्धत उभी आहे, आणि दिवसभर कामावर असणारी माणसे बहुधा हो म्हणतातच.

तोंडी बोलणे थांबवून सगळे लेखी सुरू केल्यावर गाडे हलले. शोरूमच्या जनरल मॅनेजरला ईमेल केला, गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक सेवेला त्याची प्रत पाठवली, आणि त्यात एकच प्रश्न विचारला : तुमच्याकडूनच विमा घेतल्याशिवाय गाडी अलॉट होत नाही, हा नियम कोणाचा आहे, तो मला लेखी कळवावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवणार असल्याचेही शेवटी लिहिले. तो नियम मला कोणी लेखी कळवला नाही. चॅसी नंबर आणि इंजिन नंबर मात्र मुकाट्याने व्हॉट्सॲपवर आले. मी त्याच संध्याकाळी पॉलिसी काढली आणि पुढची कामे कोणतीही खळखळ न होता झाली. मला त्या दिवशी झालेला आनंद गाडी हातात आल्याच्या आनंदाहून मोठा होता, हे प्रामाणिकपणे सांगतो.

बोनसचे पत्र मिळायला वेळ लागतो, तेव्हा जुनी गाडी विकताच त्याची मागणी करून ठेवावी. बुकिंगची रक्कम देण्याआधीच ‘विमा मी बाहेरून घेणार’ हे बुकिंग फॉर्मवर लिहून, त्यावर शोरूमची सही घ्यावी. आणि पॉलिसीवर इंधनाच्या रकान्यात पेट्रोल-सीएनजी असेच लिहिलेले आहे ना, हे आवर्जून पाहावे, कारण तिथे नुसते पेट्रोल राहिले तर दाव्याच्या वेळी वाद होतो.

सीएनजी घेणाऱ्यांसाठी आणखी एक सांगायचे राहिले. साठ लिटरच्या टाकीत जेमतेम आठ-नऊ किलो गॅस बसतो, आणि तोही प्रेशर चांगले असेल तर. थेट पाइपलाइनवर असलेल्या पंपावर टाकी नीट भरते. जिथे गॅस ट्रकमधून सिलिंडरांच्या रांगा भरून येतो, तिथे ट्रकमधला साठा उतरत गेला की प्रेशरही उतरते आणि तेवढाच वेळ रांगेत थांबून दोन किलो कमी मिळतो. आपल्या वाटेवर पहिल्या प्रकारचा पंप कुठे आहे हे गाडी बुक करण्यापूर्वीच पाहून यावे. मी सकाळी जाताना भरतो, कारण संध्याकाळी रांग रस्त्यापर्यंत येते. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली मजबुतीची तपासणी, करून घ्यावी लागते, तिचा खर्चही हिशेबात धरावा.

टोलचेही तसेच. आमच्या वाटेवर आनेवाडीचा नाका लागतो. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींना २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, यांतले जे आधी संपेल तोवर चालणारा फास्टॅग पास मिळतो. २०२५ मध्ये तो ३,००० रुपयांना होता, म्हणजे नाका ओलांडायला १५ रुपये पडत. मात्र नव्या गाडीचा फास्टॅग शोरूममध्ये बहुधा चॅसी नंबरवर काढलेला असतो आणि तशा टॅगवर हा पास मिळत नाही, म्हणून नंबर प्लेट हातात येताच टॅग देणाऱ्या बँकेकडे गाडीचा नोंदणी क्रमांक आधी चढवून घ्यावा.