हेडफोन लावून माहजाँग

खोटं कशाला बोलू, गेम डाउनलोड केला तो काही सोंगट्यांसाठी नाही. जुन्या जपानी आर्केड गेम्सचा मला नाद आहे, आणि त्यात कधीतरी कळलं की तिकडे डात्सुई माहजाँग नावाचा एक अख्खा प्रकार होता, माहजाँग म्हणजे सोंगट्यांचा मूळ चिनी खेळ आणि डात्सुई म्हणजे कपडे उतरवणं. तुम्ही डाव जिंकलात की समोरची कार्टूनमधली बाई एक कपडा काढते, हरलात की १०० येनचं नाणं टाका आणि परत बसा. सेटा कंपनीची ‘सुपर रिअल माहजाँग’ ही मालिका १९८७ पासूनची, यातली नावाजलेली, पण त्या काळात असल्या गेम्सचं तिकडे पेवच फुटलं होतं आणि माझ्या हाती लागला तो त्यातलाच एक, कुणी नाव न घेणारा. पहिली प्रतिस्पर्धी तिशीची, चष्मेवाली, बँकेत नोकरीला. म्हटलं चला.

रात्री साडेअकराला घर झोपल्यावर हेडफोन लावून बसलो. इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुनी मशीन कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ५ दाबलं की नाणं पडतं, १ दाबलं की डाव सुरू. पुढे? पुढे काही नाही, बाईनं दोन मिनिटांत मला धुतलं. जॉयस्टिक नाहीच, या मशीनना ए पासून एन पर्यंत चौदा बटणं असायची, हातातल्या प्रत्येक सोंगटीला एक, आणि वर चि, पोन, कान, रिची, रॉन अशी आणखी पाच. म्हणजे कीबोर्डवर टायपिंगची परीक्षा. सोंगट्यांवर चिनी आकडे, एक-दोन-तीन सोपे कारण तेवढ्याच आडव्या रेघा, चारपासून बोंब. बांबू हा पत्त्यांतल्या बदाम-इस्पिकसारखा एक रंग, पण त्याच्या एक्क्यावर बांबूच नाही, चक्क पक्षी, मी दोन दिवस त्याला जोकर समजून जपत होतो.

तिसऱ्या का चौथ्या रात्री बायको पाणी प्यायला उठली आणि मागे येऊन उभी राहिली. हेडफोनमुळे कळलंच नाही. बाईच्या अंगावर तेव्हा सगळे कपडे होते (माझ्या खेळाची कृपा), त्यामुळे बायकोनं तिच्याकडे बघितलंही नाही, सोंगट्या बघितल्या आणि म्हणाली, ‘रमीच आहे की ही.’ आणि गेली झोपायला.

रमीच आहे! हातात तेरा, चौदावी ओढायची, एक टाकायची. चि म्हणजे आपला सिक्वेन्स, पोन म्हणजे सेट. शेवटी तीन-तीनचे चार गट आणि एक जोडी. फक्त पत्त्यांऐवजी १३६ सोंगट्या, चौतीस प्रकार आणि प्रत्येकाच्या चार. गौरीच्या जागरणात आत्याच्या मांडीला मांडी लावून रमी शिकलेला माणूस मी, आणि एवढं दिसलं नाही मला, कारण नजर कुठे होती ते सांगायला नको.

मग मी जोरात पोन-चि करत सुटलो, पडलेली प्रत्येक सोंगटी उचलायची, चार गट झाले, जोडी झाली, रॉनचं, म्हणजे समोरच्यानं टाकलेल्या सोंगटीवर जिंकायचं, बटण दाबतोय तर काही होतच नाही. शिव्या घातल्या, बटण बिघडलं म्हटलं. तर भानगड अशी की नुसता हात पूर्ण होऊन चालत नाही, त्यात निदान एक याकू लागतो, म्हणजे ठरलेल्या हातांपैकी काहीतरी. थोडक्यात प्युअर सिक्वेन्स नसताना शो केला की जसे ८० पॉइंट अंगावर येतात तसंच, इथे ते निदान शोच करू देत नाहीत. मग तान्याओ शिकलो, एक्के, नव्वे आणि वारे, ड्रॅगन या बिनआकडी सोंगट्या सगळ्या फेकायच्या आणि फक्त दोन ते आठ ठेवायचे, गरिबाचा याकू. मग फुरितेन शिकलो, की जी सोंगटी हवीय ती आधी स्वतःच टाकली असेल तर समोरच्यानं टाकलेल्यावर जिंकता येत नाही, स्वतः ओढलीत तरच. हा नियम ज्यानं काढला त्याला माणसाचा पश्चात्ताप नीट माहीत होता.

आणि मशीन चीटिंग करतं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पहिल्याच फेरीत रिची, म्हणजे आता एकच सोंगटी हवी असं जाहीर करणं, आणि पुढच्याच ओढीला जिंकली, हे एकदा ठीक, रात्रीतून पाचदा? पण त्याचंही बरोबर आहे, नाणी पडली पाहिजेत ना, दुकानदारानं बाईला हरायला ठेवलेलं नाही. मी ५ दाबतोय म्हणून, खरी नाणी असती तर महिन्याचा पगार गेला असता.

मागच्या शनिवारी रात्री अडीचला ती अखेर हरायला आली. शेवटचा डाव. माझ्या हातात बांबू-बांबूच साठत होते, सगळा हात एकाच रंगाचा, चिनित्सु, आयुष्यात पहिल्यांदा, दोन सोंगट्या कमी. पण त्याच वेळी भीतीनं बाजूला एक स्वस्तातला तान्याओही जुळत आला होता, आणि मी घाबरून बांबूचा नाद सोडला, तान्याओ धरला. तिनं टाकली, मी रॉन दाबलं. जिंकलो.

स्क्रीनवरून सोंगट्या लगेच गायब, संगीत सुरू, बाई लाजत लाजत उभी राहिली, आणि मी कीबोर्डवरची सगळी बटणं दाबत होतो की बाजूला हो बाई, पुढची सोंगटी बांबूचीच होती का ते बघू दे.