ठेवायचा की बदलायचा: जुन्या आय-फाइव्हची पावसाळी नोंद

जूनमध्ये भाचा बेंगळुरूहून फोंड्याला आला होता. कॉम्प्युटर चालू होऊन कामाला लागेपर्यंत त्याचा चहा पिऊन झाला. "मामा, नवीन घे ना आता," म्हणाला. मी ते मनावर घेतलं, कारण विंडोज १० चे अपडेट थांबायची १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीखही जवळ येत होती. चार महिन्यांत काय काय तपासलं, त्याची ही नोंद.

मशीन असं: आय५-३४७० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा बोर्ड, डीडीआर३ रॅमची ४ जीबीची एकच पट्टी, ५०० जीबीची हार्ड डिस्क. २०१३ च्या चवथीच्या आधी असेंबल करून घेतलेला डबा. त्याला सध्या एकच मोठं काम आहे, बाबांच्या कॅसेटी डिजिटल करणं. बाबा वाड्यावरच्या देवळात भजनाला पखवाज वाजवायचे आणि टू-इन-वन सभामंडपाच्या खांबापाशी ठेवून सगळं टेप करायचे. १९८४ ते १९९६ मधल्या ६३ कॅसेटी आहेत. दुसरी प्रत कुणाकडेच नाही.

जुलै: वेळ नेमका कुठे जातो

विकत काही घेण्याआधी घड्याळ लावून बसलो. लॉगिन होऊन ऑडासिटी (आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) उघडेपर्यंत ३ मिनिटं १० सेकंद. पाऊण तासाचा प्रोजेक्ट उघडायला दीड मिनिट. या सगळ्या वेळात प्रोसेसर निवांत आणि डिस्क १०० टक्क्यांवर. प्रत्यक्ष रेकॉर्डिंग चालू असताना तर प्रोसेसर दहा टक्क्यांच्या वर गेलाच नाही.

इथे माझं अर्धं उत्तर मिळालं. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगानेच सरकते. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटंच लागणार, डबा २०१३ चा असो की आजचा. आय७-३७७० हा प्रोसेसर याच सॉकेटात बसतो आणि जुना स्वस्तात मिळतो, म्हणून त्याचा मोह झाला होता. पण ऑडासिटीचे बरेचसे इफेक्ट एकाच कोअरवर चालतात, त्याच्या वाढीव थ्रेडचा, म्हणजे एका वेळी जास्त कामं उचलण्याचा, मला उपयोग नाही. तो विचार तिथेच सोडला.

२७ जुलै: रेकॉर्डिंगमध्ये भोक

सप्ताहाची एक कॅसेट उतरवताना मधेच दीड सेकंद गायब झाला. आधी वाटलं, फीत चुरगळली असेल. मागे घेऊन पुन्हा वाजवली तर कॅसेट डेकवर अभंग सलग ऐकू येतोय. ऑडासिटीनेही त्या जागी ड्रॉपआउटची खूण करून ठेवली होती. म्हणजे दोष फितीचा नव्हता.

डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं, पिवळी म्हणजे सावधानतेची खूण. ०५ नंबरच्या ओळीत, म्हणजे खराब झाल्याने बदली केलेल्या सेक्टरांसमोर (डिस्कच्या बारीक कप्प्यांसमोर), डी८. हे सॉफ्टवेअर कच्चे आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीत, दाखवतं, त्यामुळे डी८ म्हणजे २१६. सी५ ची ओळही शून्य नव्हती, म्हणजे आणखी काही सेक्टर वाचायला डिस्क अडत होती. लिहिताना अशी डिस्क एखाद्या जागी रुतून बसली की मागून येणारा आवाज सांडतो.

त्या रात्री दुसरं काही केलं नाही. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं आणि डीडीरेस्क्यू या अडलेल्या डिस्कमधून डेटा काढणाऱ्या सॉफ्टवेअरने आख्खी डिस्क बाहेरच्या डिस्कवर उतरवायला लावली. मॅपफाइल (कुठवर उतरलं त्याची नोंद) ठेवलीच, म्हणजे मधे वीज गेली तरी थांबल्या जागेपासून पुढे. आणि वीज गेलीच, पहाटे तीनला. सकाळी परत सुरू केलं. तोवर झालेल्या २३ कॅसेटी सुखरूप आल्या. तपासणीत डिस्क पिवळी दिसली तर आधी प्रत, मग बाकीचं. हे मी इथे जोर देऊनच लिहितो.

ऑगस्ट: दुकानं फिरून

पणजीत नव्या डेस्कटॉपचं कोटेशन ३८ हजारांचं मिळालं. एक छोटा मिनी पीसी २७ हजारांत होता, हातात मावेल एवढा. तो घ्यायच्या अगदी बेतात होतो. मागची बाजू फिरवून बघितली, तर आवाजासाठी एकच कॉम्बो जॅक, हेडफोन आणि माइक दोन्हींचा. दुकानदार म्हणाला, "बाब, आता सगळ्यांना एवढंच येतं."

माझ्या डेकच्या लाइन आउटमधून लाल-पांढरी आरसीए केबल निघते आणि ३.५ मिलिमीटरच्या पिनने डब्यामागच्या निळ्या भोकात जाते. ते निळं भोक म्हणजे लाइन इन, दोन्ही चॅनेल घेणारं. कॉम्बो जॅकची माइकची बाजू मोनो, आणि ती माइकच्या बारीक सिग्नलसाठी केलेली असते. तिथे डेक जोडला तर आवाज फाटणार. म्हणजे मिनी पीसीबरोबर यूएसबी ऑडिओ इंटरफेस (बाहेरचा आवाज आत घेणारी पेटी) वेगळा घ्यावा लागला असता. बदलायचा खर्च काढताना आपण डब्याची किंमत लिहितो, पण जुना डबा गुपचूप जी कामं करत होता ती मोजायची राहून जातात.

शेवटी माझा हिशोब असा ठरला: जे पुढच्या डब्यात सोबत येईल त्यावर मोकळ्या हाताने, जे याच डब्याबरोबर संपेल त्यावर हात आखडता. ५०० जीबीची साटा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) ३,१०० रुपये, ती उद्या कुठेही लागेल. डीडीआर३ ची खाच वेगळ्या जागी असते, ती डीडीआर४ किंवा ५ च्या स्लॉटात जात नाही, म्हणून रॅम वापरलेलीच घेतली, ४ जीबी ४५० रुपयांना. दोन पट्ट्या झाल्यावर ड्युअल चॅनेल, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकदम वापरणं, चालू झालं. प्रोसेसरमधलं एचडी २५०० ग्राफिक्स याच रॅममधून वाटा उचलतं, त्यामुळे स्क्रीनही झटपट हलू लागली. पॉवर सप्लाय बदलला नाही. लोडवर १२ व्होल्टची तार ११.९ दाखवते, पाच टक्क्यांच्या मर्यादेत आहे.

चवथीच्या आधीची साफसफाई

आपल्याकडच्या पावसाळ्यात डबा उघडला की खरा शत्रू दिसतो. रॅमच्या सोनेरी दातांवर काळपट थर, वापरात नसलेल्या यूएसबी पोर्टांना गंज, हीटसिंकमध्ये धूळ आणि दमट हवा मिळून झालेला नमदा. जूनपासून मशीन मधूनच नुसतं बीप करून अडायचं, ते यामुळेच. मऊ पांढऱ्या खोडरबराने दात हलकेच पुसले, मग कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल. जुनी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. नवी लावल्यावर प्रोसेसरचं बसल्या जागचं तापमान ५८ वरून ४१ वर आलं. बोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेलही बदलला. तो संपल्यामुळे वीज गेली की तारीख मागे जायची आणि ब्राउझर एकही पान उघडू द्यायचा नाही. पेस्ट २००, सेल ४०. एकूण खर्च ३,७९० रुपये.

एसएसडी बसवण्याआधी बायोसमध्ये बघा. माझ्याकडे साटा (डिस्क जोडायची वाट) इतकी वर्षं आयडीई या जुन्या मोडवर होतं. ते नव्या एएचसीआय मोडवर केलं, मग नवं इन्स्टॉलेशन. एच६१ वर साटा ३ गिगाबिटचीच आहे, त्यामुळे खोक्यावर छापलेले सेकंदाला ५५० एमबी मिळत नाहीत, मला २६५ मिळाले. त्याने माझं काही अडत नाही. मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणाऱ्या जुन्या डिस्कला एक फेरी घ्यायला ८.३ मिलिसेकंद लागतात, आणि प्रत्येक बारीक फाइलसाठी ती वाट बघायची. ती वाटच संपली.

विंडोज ११ चा प्रश्न नव्हताच. इंटेलची निदान आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी, माझा तिसऱ्या पिढीचा. पळवाटा आहेत, पण ज्या मशीनवर बाबांचा आवाज ठेवायचा तिथे मला पळवाट नको. विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ एक्सएफसीई टाकलं, त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत.

ऑक्टोबर: आजची स्थिती

बटण दाबल्यापासून ऑडासिटीपर्यंत ३४ सेकंद. सप्टेंबरपासून १८ कॅसेटी उतरवल्या, एकही ड्रॉपआउट नाही. बोर्ड गेला तर मात्र जुना बोर्ड शोधत फिरणार नाही, तेव्हा नवा डबा आणि यूएसबी इंटरफेस, हे ठरलंय.

काल ४१ वी झाली. लेबलवर बाबांच्या अक्षरात फक्त "एकादशी, पाऊस" एवढंच आहे. बी बाजूला गजर संपल्यावर कौलांवरचा पाऊस ऐकू येतो, आणि मग बाबा कुणाला तरी सांगतात, "बंद कर रे, बॅटरी जाईल." तेवढ्या भागावर नॉइज रिडक्शन (खरखर काढणारा इफेक्ट) लावलेलं नाही. उरल्या २२. त्यांतल्या तीन कॅसेटींच्या फितींवर पांढरी बुरशी आहे, त्या ओल शोषणाऱ्या सिलिका जेलबरोबर एका वेगळ्या डब्यात बंद करून ठेवल्यात. हवा कोरडी झाली की डिसेंबरात त्यांना हात लावेन.