आमची वाटचाल : गणपतीच्या कारखान्यातली बेटं

टेबलावर खेळायच्या जहाजांच्या गेमसाठी आम्ही छोटी बेटं करतो, पण आमचा मूळ धंदा गणपतीचा. सांगलीत गावभागात सासऱ्यांचा कारखाना, मामा (आमच्याकडं सासऱ्यांना मामाच म्हणतात) चाळीसेक वर्षं मूर्ती रंगवतायत, मी लग्न होऊन आल्यावर मलाही सगळं शिकवलं त्यांनी, फक्त डोळ्यांची आखणी सोडून, ती अजून स्वतःच करतात. गणपती गेले की दिवाळीला किल्ल्यावरचे मावळे, पणत्या, आणि मग पुढं होळीपर्यंत नुसतं बसून.

२०१७ च्या दिवाळीनंतर माझ्या चुलतभावाचा एक पुण्याचा मित्र भलामोठा खोका घेऊन आला. ड्रेडफ्लीट नावाचा, टेबलावर मांडून खेळायचा गेम, गेम्स वर्कशॉप या इंग्लंडच्या कंपनीनं २०११ साली काढलेला. आत आपणच रंगवायची प्लास्टिकची दहा जहाजं, पाच विरुद्ध पाच, कापडावर छापलेला समुद्र आणि त्यावर मांडायला बेटं, खडक, फुटकी जहाजं. एका जहाजावर तर अख्खं देऊळच आहे. मामांनी ते हातात घेऊन बराच वेळ फिरवून फिरवून बघितलं आणि म्हणाले, "एवढं ओझं घेऊन तरंगतंय कसं हे?" त्या पोराचं म्हणणं, जहाजं मी हौसेनं रंगवतो पण बेटांचा मला कंटाळा येतो, तुम्ही द्याल का करून? म्हटलं देतो की, त्यात काय.

त्यात बरंच काय होतं. आम्ही गणपतीच्या सवयीनं पांढरा अस्तर मारला, वर हिरवागार गवताचा रंग, कड्यांना चॉकलेटी, आणि शेवटी चकचकीत वॉर्निश. फोटो पाठवला तर पोरगं बिचारं सभ्य, एवढंच म्हणालं, "ताई, मखर झालंय." रंग एवढा जाड बसलेला की कपारी पार बुजलेल्या. मग रंग काढावा म्हणून मामांनी एक बेट थिनरमधे टाकलं, आणि दहा मिनिटांत ते च्युइंगमसारखं मऊ! प्लास्टिक थिनरमधे विरघळतं हे आम्हाला कोण सांगणार, आमचं आयुष्य प्लास्टरमधे गेलेलं. तो गेम कंपनीनं एकदाच काढला होता, म्हणजे सुटं बेट विकत आणायचीही सोय नाही. रात्रभर झोप नाही आली मला.

शेवटी मामांनीच प्लास्टरचा गोळा घेतला आणि ब्लेडनं कोरून नवीन बेट केलं, त्यांच्या मनानं, कडा जरा सज्जनगडासारखा आलेला. भीत भीत दिलं, खरं काय झालं तेही सांगितलं. त्यानं तेच सगळ्यात आधी उचललं आणि विचारलं, असली अजून करता का? धंदा सुरू झाला तो असा, थिनरच्या डब्यातनं. (कंपनीच्या बेटाचा साचा काढून द्या म्हणून फोन येतात, ते आम्ही करत नाही, आमची बेटं आमचीच.)

खरी मेख साइजमधे आहे. जहाज तळहातावर मावतं, त्या मानानं आपल्या नदीच्या वाळूचा दाणा म्हणजे घराएवढा धोंडा दिसतो. म्हणून किनाऱ्याला आम्ही रांगोळी वापरतो, मलमलच्या फडक्यातनं गाळून, पातळ फेविकॉलवर भुरभुरवायची. झाडीसाठी बारीक चुरलेला स्पंज. दगडाला आधी काळा प्रायमर, त्यावर मातकट करडा, मग पाण्यासारखा पातळ गडद रंग सोडायचा, तो आपोआप कपारीत उतरतो, आणि वाळल्यावर ब्रश फडक्याला जवळजवळ कोरडा पुसून फक्त कंगोऱ्यांवरनं फिरवायचा. गेम खेळणारी पोरं याला ड्रायब्रश म्हणतात. मामा म्हणाले, हे तर आम्ही उंदराच्या अंगावर कधीपासनं करतोय.

तरी काहीतरी चुकायचंच. बेट समुद्राच्या कापडावर ठेवलं की ताटात वडा ठेवल्यासारखं दिसायचं. का, ते मला २०१९ च्या ऑगस्टमधे कळलं. महापूर आला, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. चतुर्थी २ सप्टेंबरला, आणि आमच्या रंगवून तयार मूर्ती कारखान्यात पाण्याखाली. त्या दिवसांबद्दल जास्त नाही लिहीत. पाणी ओसरल्यावर भिंत घासत होते तेव्हा बघितलं, खाली भिंत काळपट ओली, त्याच्यावर शेवाळी गाळाचा पट्टा, मग पिंजर (मूर्ती बांधायचा पेंढा) आणि थर्माकोलचे मणी चिकटलेली एक बारीक फिकट रेघ, आणि त्याच्या वर एकदम कोरडा चुना. आम्ही बेट पार पायापर्यंत एकाच रंगात रंगवत होतो! आता खालचे तीन-चार मिलिमीटर हिरवट काळे, त्यावर चकचकीत वॉर्निश, वर ती फिकट रेघ, आणि बाकी सगळं मॅट, म्हणजे बिनचकाकीचं. फेसाचा पांढरा फक्त एका अंगाला, वाऱ्याच्या. पुण्याच्या त्या पोराला फोटो टाकला तर त्याचा रिप्लाय, "आता बसलं पाण्यात."

२०२१ ला पाणी परत आलं, तोवर आम्ही बेटांचं सगळं सामान विश्रामबागला भाड्याच्या खोलीत नेलं होतं म्हणून वाचलो. आता माझ्याबरोबर दोन मुली आहेत, एक तर स्पंजची झाडं टीव्ही बघत बघत लावते आणि तरी एक वाकडं जात नाही. कुरिअरनं मधे दोन ऑर्डरींचा भुगा केला, तेव्हापासनं बेट गणपतीसारखं पिंजरीत बसवूनच पाठवतो.

एक मात्र आधीच सांगते, जून ते अनंत चतुर्दशी बेटांची ऑर्डर घेत नाही. एक तर गणपतीची घाई, आणि दुसरं म्हणजे दमट हवेत मॅट वॉर्निश मारलं की वर पांढरट धुकं धरतं. त्यावर एक हात ग्लॉसचा मारून मग परत मॅट मारलं तर बहुतेक वेळा जातं ते, पण सात बेटांच्या सेटला दोनदा करत बसायचं म्हणजे मुली माझ्याकडं नुसत्या बघतात.